व्यायाम, संप्रेरके आणि यकृत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यायामाविषयी बोलताना हृदय, फुप्फुसे आणि स्नायू यांचीच नावे पुढे येतात. बरगड्यांच्या आड उजव्या बाजूला बसलेल्या दीड किलो वजनाच्या यकृताचा उल्लेख झालाच, तर तो 'साखरेचे कोठार' एवढ्यापुरता होतो. हे वर्णन चुकीचे नाही, पण अपुरे आहे. स्वादुपिंडातून निघालेली संप्रेरके सर्वांत आधी यकृताकडे येतात, त्यांतली किती पुढे जायची हे बऱ्याच अंशी तेथेच ठरते, आणि व्यायामानंतर यकृत स्वतःची संप्रेरकेही रक्तात सोडते. खालील उत्तरे या भूमिकेभोवती मांडली आहेत.

कष्ट तर स्नायू करतात. मग यकृताचा संबंध येतो कुठे?

प्रौढ माणसाच्या संपूर्ण रक्तात कोणत्याही क्षणी जेमतेम ४ ते ५ ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे लहान चमचाभर. विश्रांतीच्या वेळी शरीर रक्तातले ८ ते १० ग्रॅम ग्लुकोज तासाभरात वापरते आणि यकृत तेवढेच परत भरते. व्यायाम सुरू झाला की स्नायूंची मागणी इतकी वाढते की भरणा झाला नाही, तर हा चमचाभर साठा काही मिनिटांतच आटून जाईल. प्रत्यक्षात मात्र तासभर मध्यम गतीने धावलेल्या निरोगी माणसाची रक्तशर्करा तपासली, तर ती सुरुवातीला होती त्याच्या आसपासच आढळते. स्नायू जेवढे उचलतात तेवढे यकृत ओतत राहते, हे त्यामागचे कारण आहे. मध्यम व्यायामात यकृताचा ग्लुकोज-पुरवठा दुपटी-तिपटीने वाढतो आणि अतितीव्र व्यायामात त्याहूनही बराच अधिक.

स्नायूंकडे स्वतःचे ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेले ग्लुकोज, असते, आणि तेही यकृताच्या कित्येक पट. यकृतात साधारण ८० ते १०० ग्रॅम, तर सर्व स्नायूंत मिळून ४०० ग्रॅम किंवा त्याहून अधिक. परंतु स्नायूंच्या पेशींत ग्लुकोज-६-फॉस्फेटेज हे विकर (एन्झाइम) नसते, त्यामुळे तेथे साठवलेले ग्लुकोज मोकळे होऊन रक्तात येऊ शकत नाही आणि ज्या स्नायूत ते आहे त्यानेच ते वापरायचे असते. मेंदूला आणि तांबड्या पेशींना अखंड पुरवठा करायचा, तर ते काम मुख्यतः यकृताचेच. हे विकर जन्मतःच नसलेल्या बालकांची रक्तशर्करा जेवणानंतर काही तासांतच धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. त्यांच्या यकृतात ग्लायकोजेन ठासून भरलेले असते, पण ते बाहेर पडत नाही.

यकृताला संप्रेरकांचा निरोप इतर अवयवांच्या आधी कसा मिळतो?

याचे उत्तर रक्तवाहिन्यांच्या रचनेत आहे. यकृताला विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त मिळते आणि त्यांतला जवळपास तीन-चतुर्थांश भाग आतडी, प्लीहा आणि स्वादुपिंड यांच्याकडून प्रतिहारी शिरेतून येतो. स्वादुपिंडाने सोडलेले इन्सुलिन आणि त्याच्या उलट काम करणारे, म्हणजे यकृताला ग्लुकोज सोडायला लावणारे, ग्लुकागॉन ही संप्रेरके याच शिरेत मिसळतात. हृदयाकडे जाण्याआधी, म्हणजे उरलेल्या शरीरात पसरून विरळ होण्याआधी, ते यकृताच्या पेशींना भिजवून पुढे जातात.

त्यातही इन्सुलिनच्या बाबतीत यकृत नुसते ऐकत नाही, तर त्याला गाळणीही लावते. येणाऱ्या इन्सुलिनपैकी साधारण निम्मे पहिल्याच फेरीत यकृताच्या पेशी शोषून घेतात आणि त्याचे विघटन करतात. म्हणून यकृतापाशी इन्सुलिनची जी तीव्रता असते, ती दंडातल्या रक्तात कधीच दिसत नाही. ग्लुकागॉनचेही असेच होते. मध्यम व्यायामात हातातून काढलेल्या रक्तात ग्लुकागॉन फारसे वाढलेले दिसत नाही आणि त्यावरून पूर्वी अनेकांनी त्याचे महत्त्व कमी लेखले होते. प्राण्यांमध्ये थेट प्रतिहारी शिरेतले रक्त तपासल्यावर तेथील वाढ बरीच ठळक असल्याचे दिसून आले. व्यायामातील संप्रेरकांविषयी वाचताना रक्त कोणत्या शिरेतून घेतले होते, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

व्यायाम सुरू झाल्यावर संप्रेरकांमध्ये नेमके कोणते बदल होतात?

पहिला बदल म्हणजे इन्सुलिन उतरते. व्यायाम सुरू होताच अनुकंपी चेतासंस्था (शरीराला धावपळीसाठी सज्ज करणारे नसांचे जाळे) जागी होते आणि स्वादुपिंडातील इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशींना आवर घालते. इन्सुलिनचे रक्तातील अर्धायुष्य जेमतेम चार-सहा मिनिटांचे असल्यामुळे स्रवण घटल्याचा परिणाम यकृतापर्यंत चटकन पोहोचतो. एरवी इन्सुलिन यकृताला 'साठवून ठेव, सोडू नकोस' असे बजावत असते. हा दाब सैल झाला की साठा बाहेर काढण्याची वाट मोकळी होते.

इथे एक शंका साहजिक आहे: इन्सुलिन कमी झाले, तर स्नायूंना ग्लुकोज कसे मिळणार? आकुंचन पावणाऱ्या स्नायूला ग्लुकोज आत घेण्यासाठी इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. आकुंचनामुळेच ग्लुकोज वाहून नेणारी प्रथिने पेशीच्या आवरणावर येतात, शिवाय तिथला रक्तपुरवठाही वाढलेला असतो. त्यामुळे इन्सुलिनच्या घसरणीचा फायदा यकृताला मिळतो आणि काम करणाऱ्या स्नायूंचे काही अडत नाही. शरीराच्या रचनेतील ही तजवीज मला फार विलक्षण वाटते.

त्याच सुमारास ग्लुकागॉन वाढू लागते. यकृत या दोन्ही संप्रेरकांकडे सुटे सुटे पाहत नाही, त्यांच्या परस्पर प्रमाणाला प्रतिसाद देते. व्यायाम तीव्र झाला की मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन झपाट्याने वाढते. कॉर्टिसॉल साधारणपणे कमाल प्राणवायू-ग्रहण क्षमतेच्या ६० टक्क्यांपुढील किंवा लांबलेल्या व्यायामात वाढते. त्याचा परिणाम मिनिटांत नव्हे, तर तासांत मोजावा लागतो, कारण ते यकृतात नवे ग्लुकोज घडवणाऱ्या विकरांची निर्मिती वाढवते. वृद्धी संप्रेरकही वाढते आणि चरबीचे विघटन करून स्निग्धाम्ले मोकळी करण्यास हातभार लावते.

ग्लुकागॉनचा रेणू यकृताच्या पेशीपाशी पोहोचल्यावर काय घडते?

ग्लुकागॉन पेशीच्या आत शिरत नाही. ते आवरणावरील ग्राहीला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटते आणि आतल्या बाजूला चक्रीय एएमपी नावाचा छोटा रेणू तयार होऊ लागतो. हा रेणू एका विकराला जागे करतो, ते विकर दुसऱ्याला, दुसरे तिसऱ्याला, आणि शेवटी ग्लायकोजेन फॉस्फोरिलेज कार्यरत होते. हे विकर ग्लायकोजेनच्या झुपकेदार फांद्यांच्या टोकांवरून ग्लुकोजचे एकेक एकक सुटे करते. प्रत्येक पायरीवर एक रेणू अनेकांना चेतवत असल्यामुळे रक्तातील अत्यल्प ग्लुकागॉनचा परिणाम ग्रॅमच्या हिशेबात दिसतो. ग्लायकोजेन बनवणारे विकर त्याच वेळी मंदावते, त्यामुळे एका हाताने काढायचे आणि दुसऱ्या हाताने भरायचे, असा निरर्थक खटाटोप टळतो.

चक्रीय एएमपीचा शोध लागला तोही यकृतावर काम करतानाच. ॲड्रेनॅलिन आणि ग्लुकागॉन यकृतातील ग्लायकोजेन कसे मोडतात, याचा माग काढत असताना अर्ल सदरलँड यांना १९५० च्या दशकात हा 'दुसरा निरोप्या' सापडला आणि १९७१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या शोधाच्या सुमारे शंभर वर्षे आधी, १८५७ मध्ये, फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी यकृतातून ग्लायकोजेन वेगळे काढले होते. संप्रेरकांच्या अभ्यासात यकृत किती मध्यवर्ती राहिले आहे, ते एवढ्यावरून ध्यानात यावे.

हे सारे नसांमार्फत होत नसेल कशावरून?

यकृताला नसा आहेत आणि त्यांचा काही वाटा असणे शक्य आहे. परंतु प्रत्यारोपण करताना यकृताच्या नसा तुटतात, आणि तरीही प्रत्यारोपित यकृत असलेल्या व्यक्तींनी व्यायाम केल्यावर त्यांच्या यकृताचा ग्लुकोज-पुरवठा जवळपास नेहमीसारखाच वाढलेला आढळला आहे. संप्रेरकांचा वाटा मोठा असल्याचा हा सबळ पुरावा मानला जातो.

लॅक्टेट हा निव्वळ टाकाऊ पदार्थ आहे का?

नाही. जोराने काम करणारे स्नायू ग्लुकोजपासून लॅक्टेट बनवतात, ते रक्तातून यकृताकडे येते आणि यकृत त्याचे पुन्हा ग्लुकोज करते. कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने या चक्राचे वर्णन केले. ग्लायकोजेनच्या रूपांतरावरील संशोधनासाठी त्यांना १९४७ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. या व्यवहारात शरीराला तोटाही सोसावा लागतो. एका ग्लुकोजपासून लॅक्टेट होताना स्नायूला एटीपीचे (पेशीचे ऊर्जा-चलन) २ रेणू मिळतात, तर ते ग्लुकोज परत घडवताना यकृताला ६ खर्च करावे लागतात. ही जास्तीची ऊर्जा यकृत मुख्यतः स्निग्धाम्ले जाळून उभी करते. म्हणजे चरबीच्या ऊर्जेवर यकृत स्नायूंचे ग्लुकोज पुन्हा उभे करते. चरबीतून सुटणारे ग्लिसरॉल आणि स्नायूंतून येणारे ॲलॅनिन हे अमिनो आम्ल यांचाही कच्चा माल म्हणून उपयोग होतो. या कामाचा वेग ग्लुकागॉन वाढवते, आणि व्यायाम कित्येक तास चालला तर यकृतातून बाहेर पडणाऱ्या ग्लुकोजपैकी जवळपास निम्मे असे नव्याने घडवलेले असू शकते.

लांब पल्ल्याच्या शर्यतीत एकाएकी सारे बळ संपल्यासारखे का होते?

दोन-अडीच तास धावलेल्या माणसाकडे जवळून पाहिले, तर दोन वेगळ्या गोष्टी दिसू शकतात. एकाचे पाय जड होतात, पण तो नीट बोलतो आणि किती अंतर उरले ते अचूक सांगतो. त्याच्या स्नायूंतले ग्लायकोजेन संपत आले आहे. दुसऱ्याला दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, नजर स्थिर राहत नाही आणि साध्या प्रश्नाचे उत्तर द्यायलाही तो वेळ घेतो. त्याच्या यकृतातला साठा संपला असून मेंदूला ग्लुकोज कमी पडू लागले आहे. ग्लुकागॉन आणि ॲड्रेनॅलिन या वेळी कमाल पातळीला पोहोचलेले असू शकतात. निरोप पोहोचतो, पण द्यायला काही उरलेले नसते. नव्याने ग्लुकोज घडवण्याचा वेग या मागणीला पुरा पडत नाही.

१९२४ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या काही धावपटूंची रक्तशर्करा मोजली गेली, तेव्हा अनेकांमध्ये ती लक्षणीय उतरलेली आढळली, आणि ज्यांची अवस्था सर्वांत बिकट होती त्यांचीच शर्करा सर्वांत कमी होती. पुढच्या वर्षी धावपटूंना शर्यतीआधी आणि शर्यतीदरम्यान कर्बोदके देऊन हा त्रास टाळता आला. रात्रीच्या उपाशीपोटीच यकृताचा बराच साठा खर्ची पडतो, त्यामुळे सकाळी काहीही न खाता दीर्घ व्यायामाला निघणाऱ्याने ही बाब गंभीरपणे घ्यावी.

संप्रेरके किती काळ परिणाम करणार, यावर यकृताचे नियंत्रण असते का?

असते, आणि याकडे फारच कमी लक्ष दिले जाते. रक्तातील संप्रेरकाची पातळी ते किती स्रवले यावर जितकी अवलंबून असते, तितकीच ते किती काढून टाकले गेले यावरही असते. कॉर्टिसॉल, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन ही स्टेरॉइड संप्रेरके निष्प्रभ करून मूत्रावाटे जाण्याजोगी बनवण्याचे काम मुख्यतः यकृत करते, आणि ॲड्रेनॅलिनच्या विघटनातही त्याचा वाटा असतो. तीव्र व्यायामात रक्त स्नायूंकडे वळते आणि यकृताकडील प्रवाह निम्म्याहूनही अधिक घटू शकतो, त्यामुळे सफाईचा वेग मंदावतो. कठोर व्यायामात दिसणारी संप्रेरकांची उच्च पातळी काही अंशी या मंदावलेल्या सफाईचाही परिणाम असते.

याशिवाय संप्रेरकांना धरून ठेवणारी वाहक प्रथिने यकृतच बनवते. कॉर्टिसॉलपैकी जेमतेम ५ टक्के रक्तात मोकळे असते, बाकीचे प्रथिनांना बांधलेले. पेशींवर परिणाम करतो तो हा मोकळा भाग. टेस्टोस्टेरॉन आणि थायरॉइड संप्रेरकांसाठीही अशी प्रथिने असतात. यकृत तेवढ्यावर थांबत नाही. निष्क्रिय कॉर्टिसोनचे पुन्हा कॉर्टिसॉल करणारे विकर त्याच्याकडे मुबलक असते, आणि थायरॉइडच्या टी४ चे अधिक प्रभावी टी३ करण्यातही ते सहभागी असते.

यकृत स्वतः संप्रेरके तयार करते का?

होय. रक्तातील आयजीएफ-१ (वाढीचा संदेश देणारे संप्रेरक) पैकी बहुतांश भाग यकृत वृद्धी संप्रेरकाच्या प्रभावाखाली बनवते. दीर्घ व्यायामात इन्सुलिन उतरल्यावर यकृत आयजीएफ-१ ला बांधून ठेवणारे एक प्रथिन अधिक प्रमाणात सोडते, त्यामुळे इंधनाची चणचण असताना वाढीच्या संदेशाला तात्पुरता लगाम बसतो. व्यायाम संपल्यानंतरच्या तासांत एफजीएफ-२१ आणि फॉलिस्टॅटिन ही यकृतातून येणारी दोन संप्रेरके वाढलेली आढळतात, आणि ती वाढही ग्लुकागॉन व इन्सुलिन यांच्या प्रमाणावर अवलंबून असते. फॉलिस्टॅटिन हे स्नायूंच्या वाढीला रोखणाऱ्या मायोस्टॅटिनला अडवते.

नियमित धावणाऱ्यांसाठी, विशेषतः ज्यांना लोहाची कमतरता आहे अशा स्त्रियांसाठी, हेप्सिडिन हे यकृताचे संप्रेरक महत्त्वाचे आहे. काम करणारे स्नायू इंटरल्युकिन-६ हे संदेशवाहक प्रथिन सोडतात आणि त्याला उत्तर म्हणून यकृत हेप्सिडिन बनवते. व्यायामानंतर साधारण ३ ते ६ तासांत ते शिखरावर असते आणि त्या काळात आतड्यांतून लोह शोषले जाण्याचे प्रमाण घटते. म्हणून लोहाची गोळी व्यायामानंतर काही तासांनी घेण्यापेक्षा सकाळी, व्यायामाच्या आसपास घेणे अधिक सयुक्तिक ठरते. मात्र वेळ डॉक्टरांशी बोलूनच ठरवावी.

नियमित सरावाने या प्रतिसादात काय फरक पडतो?

सराव झालेल्या माणसात त्याच वेगाच्या व्यायामाला ॲड्रेनॅलिन आणि ग्लुकागॉन कमी वाढतात, इन्सुलिनची घसरणही सौम्य असते, आणि स्नायू चरबी अधिक वापरत असल्याने यकृताकडे होणारी मागणीही घटते. त्याच वेळी सरावलेले यकृत ग्लुकागॉनच्या तेवढ्याच मात्रेला अधिक जोमाने प्रतिसाद देते, असे माणसांमधील प्रयोगांत आढळले आहे. हलक्या आवाजातला निरोपही त्याला पुरतो.

फॅटी लिव्हर असल्यास हे नियमन बिघडते का?

बिघडते. यकृताच्या ५ टक्क्यांहून अधिक पेशींत चरबी साठली की फॅटी लिव्हर म्हणतात. अशा यकृतावर इन्सुलिनचा अंमल नीट चालत नाही, ग्लुकागॉनला मिळणारा प्रतिसादही बदलतो. शिवाय पहिल्या फेरीत इन्सुलिन गाळून घेण्याची क्षमता घटते, त्यामुळे उरलेल्या शरीरात इन्सुलिनची पातळी कायम चढी राहते. टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारे प्रथिनही कमी बनते. दिलासा देणारी बाब अशी की नियमित व्यायामाने वजन फारसे उतरले नाही, तरीही यकृतातली चरबी कमी होऊ शकते. वजनकाट्यावर फरक दिसत नाही म्हणून व्यायाम सोडून देणाऱ्यांना मी हे कळकळीने सांगू इच्छितो. प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम, ही सर्वमान्य शिफारस येथेही लागू पडते.

इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांनी व्यायामात अधिक काळजी का घ्यावी?

कारण त्वचेखाली टोचलेले इन्सुलिन व्यायाम सुरू झाला म्हणून कमी होत नाही. ते यकृताच्या वाटेने न येता आधी संपूर्ण शरीरात पसरते. परिणामी यकृताला 'सोडू नकोस' असा निरोप मिळतच राहतो आणि स्नायू मात्र ग्लुकोज उचलत राहतात. साखर झपाट्याने उतरण्याचे हेच मुख्य कारण आहे. उलट, थोडा वेळ केलेल्या अतितीव्र व्यायामात ॲड्रेनॅलिनमुळे यकृताचा पुरवठा स्नायूंच्या मागणीपेक्षा अधिक होतो आणि साखर वाढलेली दिसते. ही वाढ पाहून घाईने जादा इन्सुलिन घेतल्यास पुढच्या तासांत साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. मात्रेतील बदल उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावेत.

व्यायामानंतर मद्य घेतल्यास काय होते?

मद्याचे विघटन करताना यकृतातील रासायनिक समतोल असा बदलतो की लॅक्टेटपासून ग्लुकोज घडवण्याचे काम अडते. दीर्घ व्यायामाने ग्लायकोजेन आधीच संपलेले असेल, तर दोन्ही वाटा बंद होतात. इन्सुलिन घेणाऱ्यांमध्ये त्यातून गंभीर प्रसंग ओढवू शकतो.

व्यायामानंतर तपासणीत एसजीओटी आणि एसजीपीटी वाढलेले आले. यकृत बिघडले का?

तेवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. यकृताच्या तपासणीत मोजली जाणारी ही दोन्ही विकरे स्नायूंतही असतात, एसजीओटी तर बऱ्याच प्रमाणात. सवय नसताना जड वजने उचलल्यास आठवडाभरही त्यांची पातळी चढी राहू शकते. अशा वेळी स्नायूंतले विकर क्रिएटिन कायनेज वाढलेले, तर यकृताशी संबंधित जीजीटी आणि बिलिरुबिन सामान्य, असे चित्र असेल तर उगम स्नायूंत असण्याची शक्यता अधिक असते. तपासणीच्या आधीचा आठवडा जड व्यायाम टाळावा आणि केला असल्यास तो डॉक्टरांना दिवसासह सांगावा. ही माहिती दिली नाही, तर निरोगी यकृताच्या पुढील तपासण्यांमध्ये अनेक दिवस जाऊ शकतात.